मास्तरांच्या बंगल्यावरची टेपवाली

अहो, ऐकलंत का? मास्तरांच्या बंगल्याचं फायनल बिल झालं रविवारी! या ना जरा इकडे, पेरूच्या सावलीला. आणि हळू बोला हं, मास्तरीणबाई गच्चीवर कुरडया घालतायत. त्यांचे कान म्हणजे... जाऊ दे. मी स्वतः होते तिथे, म्हणून सांगते. चकलीचा डबा परत द्यायला गेले होते, आणि ताट-वाट्यांसारखे कागद मांडून बसली होती मंडळी टेबलाभोवती. उठावं म्हटलं, पण चहा टाकला होता त्यांनी. चहा सोडून कसं उठायचं?

ती स्कूटरवाली मुलगी आठवते ना तुम्हाला? गेल्या वर्षी सारखी यायची, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात लांबलचक टेप आणि बगलेत वही. वाणीणबाईंनी तर गल्लीभर केलं होतं, मास्तरांच्या धाकट्याला स्थळ आलंय, मुलगी स्वतः घर बघायला येते म्हणून! "हल्लीच्या मुली काय बाई, खोलीसुद्धा मोजून घेतात," असं. मास्तरीणबाईंच्या कानावर गेलं तेव्हा हसावं की रडावं कळेना त्यांना. धाकटा मात्र आठवडाभर लाजत होता, ते वेगळंच.

तर ती निघाली क्वांटिटी सर्व्हेअर. क्यूएस म्हणतात म्हणे. मस्कतला होती पाच-सहा वर्षं, मोठमोठ्या इमारतींची बिलं तपासायची. तिकडे आखातात, आणि विलायतेला, क्यूएसवाचून पान हलत नाही म्हणे. लंडनला यांची संस्था १८६८ पासूनची आहे. आपल्याकडे मोठ्या कंपन्यांत असतात, बिलिंग इंजिनिअर म्हणतात त्यांना. पण आपल्या सांगलीत साध्या दुमजली बंगल्याला क्यूएस? मी तरी पहिल्यांदाच बघितली.

मी म्हटलं, आर्किटेक्ट आहे, आरसीसीवाला आहे, वर ही कशाला? तर आमचे हे पेपरातनं डोकं बाहेर काढून म्हणाले, "आर्किटेक्ट घर कसं दिसेल ते बघतो, आरसीसीवाला ते उभं कसं राहील ते बघतो, आणि ही त्यात काय किती लागलं आणि त्याचे किती द्यायचे ते बघते." आणि मग अर्थात आपल्या बांधकाम खात्यावर घसरले. तुम्हाला माहीतच आहे, एमबीचं नाव निघालं की यांना रिटायर झाल्याचं भानच राहत नाही. मेजरमेंट बुक हो! त्यातलं पान फाडायचं नाही, खोडरबर चालवायचं नाही, चुकलं तर रेघ मारून सही करायची. या मुलीची वही अगदी तश्शी होती म्हणाले. मी आजारी असताना माझी औषधं दोनदा विसरलेला माणूस, पण त्या वहीचं कौतुक आठवडाभर चाललं होतं.

तर काय सांगत होते... हां, क्यूएस लावायची बुद्धी मास्तरांना कुठून झाली? बँकवाल्या काकांमुळे! त्यांचं काय झालं ते तर सगळ्यांना ठाऊक. सगळा व्यवहार तोंडी. "हप्ता द्या काका, स्लॅब टाकतो." "हप्ता द्या काका, सिमेंट वाढतंय." पैशांतले बारा आणे गेले आणि काम झालं आठ आण्यांचं. मग फोन उचलेना तो कॉन्ट्रॅक्टर. जन्मभर दुसऱ्यांची कर्जं तपासली काकांनी, पण स्वतःचं घर बांधताना किती काम झालंय ते कुणी मोजलंच नव्हतं. काकू अजून त्या विषयाला आल्या की पदर तोंडाला लावतात. मास्तरांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं. शिवाय गावभागातलं जुनं घर २०१९ च्या पुरात गेलेलं, आयुष्याची पुंजी यात घातलेली... माणूस घाबरणारच की.

आता कोटेशनची गंमत ऐका. तीन जणांनी दिली. एक १८०० रुपये फूट, दुसरा १९५०, तिसरा २२००. मास्तरांचे मेहुणे आले होते कोल्हापूरहून, ते म्हणाले, "यात विचार काय करायचा? अठराशेवाल्याला द्या आणि पेढे वाटा." मास्तरही निघाले होते नारळ आणायला. ती मुलगी म्हणाली, "काका, फूट म्हणजे कुठला फूट, ते विचारलंत का?"

विचारलंच नव्हतं कुणी!

अठराशेवाल्यानं छज्जे पूर्ण धरले होते, गॅलरी पूर्ण, जिन्यावरची टोपी पूर्ण. त्याचं क्षेत्र झालं २७५० फूट. एकोणीसशे पन्नासवाल्यानं नकाशाप्रमाणे धरलं, २४०० फूट. आता करा गुणाकार. स्वस्तवाल्याचे ४९ लाख ५० हजार, आणि महागवाल्याचे ४६ लाख ८० हजार! दोन लाख सत्तर हजारांचा फरक, आणि तोही उलटा. मेहुण्यांचं तोंड बघायला हवं होतं म्हणे. चहात बिस्कीट बुडवलं होतं, ते तसंच विरघळून खाली गेलं. आणि त्या स्वस्तवाल्याच्या कोटेशनमध्ये कंपाउंड वॉल नाही, जमिनीतली टाकी नाही, गच्चीचं वॉटरप्रूफिंग नाही, जोतं दोनच फूट. ते सगळं म्हणे "नंतर बघू". हे "नंतर बघू" कुठं जाऊन थांबतं ते बँकवाल्या काकूंना विचारा!

मग तिनं काय केलं, तिघांचीही कोटेशनं बाजूला ठेवली. नकाशे घेऊन बसली आणि एकेक जिन्नस काढला. खोदाई किती, सोलिंग किती, काँक्रीट किती घनमीटर, स्टील किती किलो, वीटकाम, प्लास्टर, फरशी, दारं, नळ, अगदी कड्याकोयंड्यापर्यंत. अशा यादीला बीओक्यू म्हणतात. सगळ्याची मापं हिनं भरली, फक्त दराचा रकाना रिकामा ठेवला आणि तीच यादी तिघांना दिली. आता बोला! कुणाला काही गाळताही येईना, फुगवताही येईना. अठराशेवाल्यानं तर यादी परतच केली, "असलं आमच्यात चालत नाही" म्हणून. मधला होता त्याचा आकडा आला ४८ लाख २० हजार, कंपाउंड आणि टाकीसकट. त्याला दिलं काम. बरा आहे हो माणूस, मिशा तेवढ्या भारी आहेत.

पण पहिल्या दिवशी त्याच्या कपाळाला ही आठी! "सर, आमच्यावर विश्वास नाही का?" म्हणाला. मास्तर आपले पुटपुटले काहीतरी. ती म्हणाली, "भाऊ, विश्वास आहे म्हणूनच तर काम दिलंय. मोजमाप आपण दोघांनी मिळून घ्यायचं, दोघांनी सह्या करायच्या." यावर काय बोलणार तो?

आणि मग ते मुरमाचं प्रकरण. मास्तरांना जोतं हवं कमरेच्या वर, चार फूट. इकडे पाणी येवो न येवो, २०१९ डोक्यातनं जात नाही त्यांच्या. पंधरा दिवस आपण सगळ्यांनी धूळ खाल्ली, माझे पडदे दोनदा धुतले मी. मुरमाच्या ट्रकच्या चिठ्ठ्या झाल्या ५५ ब्रासच्या. तिनं आतलं माप घेतलं, ११०० चौरस फूट गुणिले चार फूट, म्हणजे ४४०० घनफूट, म्हणजे ४४ ब्रास. आता मला वाटलं, सापडला चोर! मास्तर तर लालबुंद झाले होते. पण ती शांत. म्हणाली, "काका, ट्रकमधला मुरूम भुसभुशीत असतो. पाणी मारून धुम्मस केली की दबतो, एवढा फरक पडतोच. ट्रक आलेत सगळे." मास्तरांची हवाच गेली. कॉन्ट्रॅक्टरचं तोंड फुललं. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं, "पण भाऊ, तुमचा दर दाबून भरलेल्या मुरमाचा आहे, यादीत लिहिलंय तसं. तेव्हा पैसे ४४ चेच." झालं! आता याची हवा गेली.

मी म्हटलं ना, बघण्यासारखी मुलगी आहे. दोघांनाही एकाच दमात खाली बसवलं, आणि आवाज कुणाचाच चढू दिला नाही.

सळईचा किस्सा तर वाण्यानंच सांगितला सगळ्यांना. एक दिवस ही बाई दुकानात आली आणि साखरेच्या काट्यावर सळईचा तुकडा ठेवला! बरोब्बर एक मीटरचा, १२ एमएमचा. वाणी म्हणाला, ताई, किलोवर विकायची का? तिनं तोंडी हिशेब केला, व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे ८८८ ग्रॅम भरायला हवी. भरली ८७०. वाण्याचा मुलगा दहावीला आहे, त्यानं कॅल्क्युलेटरवर करून बघितलं तर खरंच की! ते बाहेर उभे असलेले मिशीवाले घामाघूम. ती म्हणाली, "या जाडीला पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, पुस्तकातच आहे. ठीक आहे सळई." त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांना थंडा पाजला. वाणीणबाईंनी त्या दिवसापासून स्थळाचा विषय सोडला. "आपल्याला नाही झेपायची," म्हणाल्या. जसं काही त्यांच्याच घरात यायची होती ती!

सिमेंटचं पण ऐका. सप्टेंबर २०२५ मध्ये, २२ तारखेपासून, सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांचा १८ झाला ना? आपल्याला पेपरात वाचून काय कळतं, वाचलं आणि रद्दीत टाकलं. हिनं करारातच घालून ठेवलं होतं, कर वाढला तर मालक देईल, उतरला तर मालकाला मिळेल. बिल आलं ते जुन्याच दरानं. "मॅडम, जुना स्टॉक आहे." ती उठली आणि गोडाऊनमधल्या पोत्यांवर छापलेला आठवडा वाचून आली. परत येऊन काही बोललीच नाही, नुसतं बघितलं त्यांच्याकडे. दुसऱ्या दिवशी बिल बदलून आलं.

पण नुसती कापाकापी नव्हती हं तिची. हे मला फार आवडलं. प्लास्टर मोजताना त्यांनी भिंती सलग धरल्या होत्या, खिडक्या वजाच नव्हत्या केल्या. तिनं नियम काढला. हॉलची मोठी खिडकी आहे ना, सात बाय पाच, ती दोन्ही बाजूंनी वजा. बेडरूमची चार बाय चार, ती एकाच बाजूनं, कारण कडा गुळगुळीत करायला मेहनत लागतेच ना गवंड्याला. आणि बाथरूमचा झरोका वजाच नाही. किती न्यायाचं आहे बघा! वर तिनंच आठवण करून दिली, "भाऊ, कॉलम आणि विटांच्या सांध्यावर तुम्ही चिकनमेश लावलीत, ती यादीत वेगळी आहे, बिलात घ्यायची राहिली." तो बघतच राहिला. म्हणाला, वीस वर्षांत मला कुणी माझे पैसे शोधून दिले नव्हते. तेव्हापासून "मॅडम, चहा" सुरू झालं. मास्तर तेवढे खट्टू झाले. त्यांना वाटलेलं, आपण पैसे मोजून वकील लावलाय, तर हा निघाला पंच.

हो, आणि फी? ती काही मास्तरीणबाई सांगेनात. "गेटच्या ग्रिलएवढी" म्हणाल्या. आता तुम्ही त्यांचं गेट बघितलंय. साधं नाहीये ते.

तर काय सांगत होते... रविवार! मुख्य राहिलंच. टेबलाच्या एका बाजूला मास्तर, मास्तरीणबाई, आणि मास्तरांची बहीण, त्या मिरजेच्या आत्या. समोर मिशीवाले. मधे ती. मी आपली कोपऱ्यात, डबा मांडीवर. गेले दोन महिने मास्तर गल्लीत काय सांगत फिरत होते, माहीत आहे ना? "कॉन्ट्रॅक्टरनं बजेट फोडलं, पाच लाख वर नेलं." मी स्वतः ऐकलंय, दूध आणताना.

तिनं आकडा वाचला. ठरले होते ४८ लाख २० हजार, झाले ५३ लाख १० हजार. वाढ ४ लाख ९० हजार. मास्तरांनी आमच्या सगळ्यांकडे बघितलं, सांगत होतो ना, अशा नजरेनं. आणि म्हणाले, "आता यातले यांनी किती जास्त लावले, ते सांग."

ती म्हणाली, "काका, शून्य."

पंख्याचा आवाज ऐकू येत होता हो. शून्य!

मग तिनं फाइल उघडली. ८० हजार गेले पायात. काळी माती ठरल्यापेक्षा खोल निघाली, मुरूम लागेपर्यंत जावंच लागलं, खड्डे बुजायच्या आधीची मापं आणि फोटो आहेत. तिथे म्हणे मिशीवाल्यांनी खडकाचा दर मागून बघितला होता. ती म्हणाली होती, कुदळीनं निघतो तो मुरूम, ब्रेकर लावलात तर खडकाचा देते. ते तिथंच मिटलं होतं. आणि राहिलेले ४ लाख १० हजार? एकेक चिठ्ठी. प्रत्येकीवर तारीख, काय बदललं, किती वाढणार, आणि खाली सही. मास्तरांची!

जिना वास्तूप्रमाणे फिरवला, ९५ हजार. ती आत्यांची आयडिया. त्यांनीच आणला होता ना तो मिरजेचा वास्तूवाला? आत्या लगेच पर्समध्ये चष्मा शोधायला लागल्या. हॉलला पीओपीचं सीलिंग, १ लाख ५ हजार, ते धाकट्यानं मोबाइलवर बघून ठरवलं होतं. तो पाणी प्यायला म्हणून आत गेला तो आलाच नाही. पुढचं दार सागवानी, ६० हजार, ते खुद्द मास्तरांचं. बाथरूमच्या टाइल्स छतापर्यंत आणि ते चकाकते नळ, ७० हजार. आणि स्वयंपाकघरातली भिंत! आधी पाडली, मोकळं हवं म्हणून. मग परत बांधली, फोडणीचा वास हॉलमध्ये जातो म्हणून. मग ओटा दुसऱ्या बाजूला. सगळे मिळून ८० हजार. तेव्हा मास्तरीणबाईंचा चेहरा जो उतरला... मला अगदी वाईट वाटलं. म्हणजे, थोडंसं.

मास्तर म्हणाले, "तू सांगितलं नाहीस तेव्हा?" ती म्हणाली, "काका, प्रत्येक वेळी आकडा लिहूनच सही घेतली होती." आता मास्तरांनी जन्मभर पोरांना "सही करण्याआधी वाचा" शिकवलं, ते काय बोलणार? नुसते चष्मा पुसत बसले. मिशीवाले पण शहाणे, अवाक्षर बोलले नाहीत. फक्त जाताना आत्यांना वाकून नमस्कार केला. का केला असेल बरं?

नाही, त्यांचेही सगळे पैसे सुटले नाहीत हं. पाच टक्के अडकवून ठेवलेत, २ लाख ६५ हजार ५००. एक पावसाळा जाईल, गच्ची गळत नाही असं दिसेल, मगच मिळतील. करारात तसं आहे. कुरकुरले थोडे, पण सही केली.

मी तिला जिन्यात गाठलंच. म्हटलं, अगं, आमची मागची गच्ची गळते, ये ना एकदा टेप घेऊन. तर हसली. म्हणाली, "काकू, एवढ्याशा कामाला माझी फीच कामाएवढी होईल. दोघा-तिघांकडून लेखी दर घ्या, किती चौरस फूट आणि कोबा किती जाडीचा ते लिहून घ्या, आणि काम झाल्यावर काकांना मोजायला सांगा." काकांना! आता हे तेव्हापासून टेप शोधतायत. पण बोलली ते मनापासून बोलली. स्वतःचं गिऱ्हाईक असं कोण परत पाठवतं हो? आणि एक सांगते, माल चांगला आहे का, काँक्रीट नीट कालवलं का, ते ती बघत नाही. रोज साइटवरही नसते. तिथे सुपरवायझर आणि आरसीसीवालाच लागतो. मास्तरीणबाईंना वाटायचं ही सगळंच बघते, म्हणून एकदा नळ गळतो म्हणून फोन केला होता तिला. असो.

बाई गं, आल्या वाटतं खाली... नाही, शेजारची मांजर आहे.

हां, तर तुमच्या पुतण्यानं घेतलाय ना प्लॉट कुपवाडला? भूमिपूजन कधी म्हणालात, अक्षय्य तृतीयेला? नंबर देते मी तिचा, पण नकाशे पुरे करून घ्या आधी. अर्धवट नकाशावर ती हात लावत नाही, आणि घरातली भांडणं आधी मिटवून या म्हणते. जिना कुठे, ओटा कुठे, सगळं. आणि बोलवायची तर खोदाईच्या आधी बोलवा. खड्डे बुजल्यावर काळी माती किती खोल होती, ते कुणालाच मोजता येत नाही.